मफलरचं लांब टोक

माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, लहान मुलांना दयाळूपणा शिकवते. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी साडेनऊ ते साडेदहा. त्या तासाबाहेर तिच्याकडे दयाळूपणा मागायला गेलात तर दार बंद मिळेल.

बालवाडी तिची स्वतःची आहे. खाली लाकडाचं गोदाम आणि वर दोन खोल्या. जिन्याच्या तोंडाशी बुटांचे कप्पे आहेत. मुलांना अजून वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कप्प्यावर नावाऐवजी चित्र चिकटवलेलं आहे: मासा, शिडी, बटण, घंटा. मुलं एकमेकांना त्याच नावाने हाका मारतात. आतल्या खोलीत चौकोनी सतरंज्या, गुडघ्याएवढी टेबलं आणि भिंतीला टेकून काचेचं कपाट. कपाटात चित्रांची पुस्तकं आहेत, झाडून सगळी वाटून घेण्याबद्दलची. मुलांना ती दिसतात. हात लावता येत नाही, कारण किल्ली मावशीच्या पर्समध्ये असते.

"मुलं फाडतात," ती पालकांना सांगते. पालक माना डोलावतात. मावशीसमोर मान न डोलावणारा पालक मी आजवर पाहिलेला नाही.

तिच्या तासाला मुलं हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसतात. गोष्ट संपली की प्रात्यक्षिक. दोन मुलांना पुढे बोलवायचं, एकाच्या हातात लाल मोटार द्यायची. त्याने ती दुसऱ्याला द्यायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग मावशी दुसऱ्याच्या हातून मोटार काढून घेते आणि कपाटात ठेवते. वर्षभर हे पाहिलेल्या मुलांची वाटून घेण्याबद्दल काय समजूत होत असेल ते मला ठाऊक आहे. आपली वस्तू दुसऱ्याला द्यायची, मग ती बाईंची होते.

यात मुलांचं चुकत नाही. मावशीचं सगळं आयुष्य याच पद्धतीने चाललं आहे. ती आणि माझी आई, दोघीच बहिणी. लहानपणी दोघींत मिळून रंगीत खडूंची एक पेटी आली, तेव्हा मावशीनेच वाटणी केली. बारा खडू होते, सहा सहा घेतले. आईच्या वाट्याला पांढरा, खाकी, करडा, फिका पिवळा, मोडका काळा आणि आणखी एक पांढरा आला. मावशी हे आजही कौतुकाने सांगते. "मी लहानपणापासून समान वाटणीची," असं म्हणते. आई तेव्हा हसते आणि चहा गाळायला उठते.

चित्रं मात्र आईच काढायला लागली. आणि मावशी मजकूर लिहायला लागली, म्हणजे एका पानाला एक वाक्य. अशी चार पुस्तकं झाली. चारही कव्हरांवर मोठ्या अक्षरांत मावशीचं नाव आहे. आईचा उल्लेख शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या खाली. तिथे लिहिलंय, "चित्रे : घरचीच." बाजारातली चटणी नाही, घरची आहे, अशा थाटात. ती ओळ मीच टाइप केली. मांडणीचं काम फुकट करून देणारी भाची घरात होती, तिला हे सांगितलं गेलं आणि तिने ते केलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मार्जिन बरोबर आलं की मला बाकी काही खुपत नसे.

चौथं पुस्तक मफलरचं. आजीने म्हणे लोकर संपत आल्यावर दोघी मुलींत मिळून एकच लांब मफलर विणला होता. मावशीने त्याची गोष्ट लिहिली: दोघी बहिणी होत्या, मफलर एकच होता, थोरली म्हणाली अर्धा तुला, अर्धा मला, आणि दोघींना ऊब मिळाली. बारा पानं. चित्रं काढायला आईला चार महिने लागले.

आईची कामाची रीत अशी. आधी ती कच्च्या चित्रांची एक वही करते. कागद घडी घालून मधोमध दोन पिना मारायच्या, की झाली डमी. अशा तीन-चार डम्या घेऊन ती शुक्रवारी बालवाडीत जाते, मागच्या टेबलाशी बसते आणि मावशीचा तास सुरू व्हायच्या आधी त्या मुलांच्या हातात देऊन टाकते. बोलत काही नाही. फक्त बघते की मूल कोणत्या पानावर थांबतं, बोट कुठे ठेवतं, कुठे पान उलटं फिरवून मागे जातं. फाटलेल्या डम्या चिकटपट्टीने सांधते आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा आणते. छापून झाल्यावरसुद्धा आणते, कारण छापलेलं पुस्तक कपाटात असतं.

मावशीची वाचायची रीतही सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. ती उंच स्टुलावर बसते. पुस्तक छातीशी धरते, उघडी पानं मुलांकडे करून. मजकूर तिचाच, तोंडपाठ. म्हणजे चित्रं मुलांना दिसतात आणि मावशीला पुठ्ठा दिसतो. चित्रं तयार होत असतानाही ती पाहायची ती फक्त वाक्याला जागा ठेवली आहे का एवढंच. "इथे वर मोकळं सोड गं," एवढी तिची कलासमीक्षा.

आईने जागा मोकळी सोडली आणि उरलेल्या जागेत स्वतःची गोष्ट काढली. पहिल्या पानावर मफलर दोघींच्या गळ्यात सारखा आहे. दुसऱ्या पानावर थोरलीच्या गळ्याला एक वेढा जास्त. चौथ्यावर दोन. सहाव्या पानावर थोरली भाषण देते आहे, बोट वर करून, आणि बोलता बोलता मफलर ओढते आहे. दहाव्यावर धाकटी चवड्यांवर चालते, कारण तिच्या वाट्याचं टोक आता गळ्यापर्यंत पोचत नाही. तिचे कान लालबुंद. शेवटच्या पानावर मावशीचं वाक्य आहे, "वाटून घेतलं की कुणालाच थंडी वाजत नाही." त्याखाली थोरली डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली आणि धाकटीच्या चिमटीत एक धागा.

मी ते पान जुळवताना आईला विचारलं, "हे असं ठेवायचं?"

"असंच होतं ते," आई म्हणाली.

"मावशीने पाहिलं तर?"

"ताई बघत नाही."

सहा वर्षं ताईने खरोखरच पाहिलं नाही. मुलं सहाव्या पानावर खिदळायची. मावशी म्हणायची, "बघा, वाटून घ्यायचं म्हटलं की मुलं किती खुलतात." आणि दहाव्या पानावर मुलं गप्प व्हायची, ती तिच्या मते विचार करत असायची.

गेल्या वर्षी एका मोठ्या प्रकाशनाने कळवलं की त्यांना मफलरचं पुस्तक नव्याने, मोठ्या आकारात काढायचं आहे. संपादक स्वतः बालवाडीत येऊन वाचन बघणार होते. मावशीने दोन आठवडे नातेवाइकांना फोन केले. पण त्याच दिवसांत आणखी एक फुटकळ गोष्ट घडली होती. बटण नावाच्या मुलीची आजी तिला न्यायला आली होती. जिन्यात आईच्या हातात चिकटपट्टी आणि कागदाचे कपटे पाहून तिने विचारलं, "इथला केर तुम्हीच काढता का हो? छान ठेवता खोली."

आईने घरी येऊन हे मला सांगितलं. नंतर बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग म्हणाली, "या वेळी कव्हरवर माझं नाव घालायला सांग."

आईने कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. दुकानदाराकडे पिशवीसुद्धा मागत नाही ती. मी म्हटलं, "तूच सांग. बहीण तुझी आहे."

तिने सांगितलं. मावशी म्हणाली, "अगं, आपण दोघी काय वेगळ्या आहोत का? माझं नाव म्हणजे तुझंच नाव."

"मग माझं घाल, ते तुझंच होईल."

मावशीला हा मुद्दा कळला नाही. तिला वाटलं आईची तब्येत बरी नाही.

संपादक शुक्रवारी आले. साधा, चष्मा घसरणारा माणूस. मावशीने त्यांच्यासाठी हात असलेली खुर्ची मांडली होती. ते बूट काढून सरळ सतरंजीवर, मुलांच्या मध्ये जाऊन बसले. तिथेच घोटाळा झाला. खुर्चीवरून मावशी दिसली असती, सतरंजीवरून पुस्तक दिसलं.

मावशीने सुरुवात केली. आवाजात साखर घोळलेली. सहाव्या पानावर मुलांबरोबर संपादकही हसले. मावशी खूश. दहाव्या पानावर ते हसायचे थांबले आणि पुढे वाकले. शेवटच्या पानावर बटणने तोंडावरचं बोट काढलं.

"बाई, ती तिला परत कधी देणार?"

"कोण कुणाला, बाळा?"

"मोठी. मफलर."

"दिलाय की अर्धा. सगळे मिळून म्हणा, वाटून घेतलं की..."

"नाही दिलेला," बटण म्हणाली. मासा आणि घंटानेही तेच सांगितलं. शिडी उठून पुस्तकापर्यंत गेली आणि लाल कानावर बोट ठेवलं. मावशीने पुस्तक मिटलं.

मुलं पाणी प्यायला गेल्यावर संपादक म्हणाले, "हे विलक्षण आहे. शब्द एक सांगतात आणि चित्रं बरोबर उलटं. हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

उलटं काय आहे हे मावशीला ठाऊक नव्हतं. तिने पुस्तक उघडून पाहायला हवं होतं. चार सेकंदांचं काम. पण कौतुक समोर उभं असताना खात्री करत बसण्याची तिला सवय नाही.

"मुद्दामच," ती म्हणाली. "मी तसं काढून घेतलं."

"चित्रकार कोण? पुस्तकात नाव सापडलं नाही."

"घरातलीच आहे. तिला नावाबिवाची हौस नाही हो."

मागच्या टेबलाशी आई डमीचा कोपरा सांधत होती. तिने चिकटपट्टी दाताने तोडली, कोपऱ्यावर बसवली, अंगठ्याने दाबली.

"हौस आहे," ती म्हणाली.

संपादकांनी वळून पाहिलं. मग ते उठले, तिच्या टेबलाशी गेले आणि गुडघ्याएवढ्या खुर्चीत कसेबसे बसले. अर्धा तास दोघं डम्या चाळत होती. मावशी मुलांची बूट घालायची रांग लावत होती. त्या दिवशी दोन मुलं एकमेकांचे बूट घालून घरी गेली.

कराराचा कागद आला, त्यात दोन चौकोन होते, लेखक आणि चित्रकार. रविवारी दुपारी मावशी आमच्या घरी आली. कव्हर कसं दिसेल ते पाहायला मी लॅपटॉप उघडला. मावशी उदार व्हायच्या तयारीनेच आली होती.

"घालू या हिचंही नाव. माझ्या मनात काही नाही. माझं वर, हिचं खाली."

"केवढ्या अक्षरात?" मी विचारलं.

"माझं आहे तेवढं राहू दे. हिचं जरा नाजूक."

माझ्या फाइलमध्ये मावशीचं नाव बहात्तर पॉइंटचं होतं. नाजूक म्हणजे तिला बारा हवं होतं. भिंगाशिवाय वाचता येईल यापेक्षा जास्त तिचा काही आग्रह नव्हता.

"सारखं ठेव," आई म्हणाली.

"अगं, जागा कुठे आहे?"

कव्हरचा अर्ध्याहून जास्त भाग नुसतं आकाश आहे. मी माउसने दाखवलं. मावशी म्हणाली, आकाशात लिहिलेलं बरं दिसत नाही. तिचं स्वतःचं नाव आकाशातच होतं, ढगाला लागून. मी तेही दाखवलं.

"ही मुलगी आजकाल फार बोलायला लागली आहे," मावशी आईला म्हणाली. "आणि तू. इतकी वर्षं तुला शाळेत येऊ दिलं, टेबल दिलं, मुलं दिली. नावासाठी बहिणीशी भांडतेस. मुलांनी पाहिलं तर काय शिकतील?"

"सारखं ठेव, ताई," आई पुन्हा म्हणाली. तिचा आवाज तेवढाच होता.

मावशीने तीन दिवस विचार केला आणि प्रकाशनाला कळवलं की पुस्तक तिचं आहे, ती ते मागे घेते आहे, हवं तर चित्रं दुसऱ्या कुणाकडून करून देईल. उत्तर दोन ओळींत आलं. चित्रं नसतील तर मजकुरात त्यांना रस नव्हता. मावशीने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की त्या संपादकाला मुलांतलं काही कळत नाही, सतरंजीवर बसतो. नातेवाइकांनी माना डोलावल्या.

तिने दुसरी चित्रं खरंच करून घेतली. एका पालकांकडून, जे साबणाच्या जाहिराती करतात. नव्या पुस्तकात मफलर प्रत्येक पानावर बरोबर मधोमध आहे. मावशीने म्हणे पट्टीने मोजून घेतला. दोघी मुली आरशासमोर उभ्या राहिल्यासारख्या हसतात. मुलांनी ते शांतपणे ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात मासा झोपला आणि घंटाच्या मांडीवर कलंडला. मावशीने त्याला उठवून बसवलं.

संपादकांना अजूनही आईचीच चित्रं हवी होती, म्हणून आईने मावशीकडे मूळ चित्रं मागितली. ती कपाटात होती.

"तिथेच आहेत. सुरक्षित आहेत," मावशी म्हणाली.

"मला हवी आहेत."

"तुझ्याकडे पडून राहतील. इथे निदान काचेत तरी आहेत."

माझ्याकडे स्कॅन होते, पण मी केलेले, म्हणजे मोठ्या छपाईला निरुपयोगी. आईने बाजारातून जाड कागदाचे मोठे ताव आणले आणि जेवणाच्या टेबलावर पहिल्या पानापासून पुन्हा काढायला बसली. आम्ही पाच महिने ओट्याशी उभं राहून जेवलो. या वेळी तिने वर कुठेही मोकळी जागा सोडली नाही. संपादकांनी फोनवर विचारलं, मजकूर कोण लिहिणार. आई म्हणाली, मजकूर नाही. ते म्हणाले, ठीक आहे.

कराराचा नवा कागद आला. लेखकाच्या चौकोनात आईने आडवी रेघ मारली. दुसऱ्या चौकोनात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेत पेपरवर लिहितात तसं, सावकाश. मी म्हटलं, मफलरची कल्पना मावशीची होती असं कुठेतरी बारीक लिहावं का? आई म्हणाली, "मफलर आजीचा होता." तेवढ्यावर विषय संपला. मला ते सगळं पटलं असं नाही, पण मी कागद पाठवून दिला.

छपाईआधीचा पक्का नमुना घरी आला त्या दिवशी मावशी आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. चप्पल न काढता आत आली आणि नमुना उचलला. कव्हरवरचं नाव तिने वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती खुर्चीत बसली आणि पुस्तक उघडलं. म्हणायला एकही वाक्य नव्हतं, त्यामुळे तिला बघावंच लागलं.

तिने बारा पानं पाहिली. सहाव्यावर थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. बालवाडीतली मुलं करतात ते सगळं तिने केलं, बोटसुद्धा ठेवलं. आई समोर बसून तिच्याकडे बघत होती, शुक्रवारी मुलांकडे बघते तशीच. मला वाटलं आता ती बोलेल. सॉरी नाही म्हणणार, तेवढी मी भाबडी नाही. पण मफलरबद्दल काहीतरी.

मावशीने शेवटचं पान उजेडात धरलं.

"ही मोठी मी आहे का?"

"गोष्टीतली मुलगी आहे," आई म्हणाली.

"नाक माझं काढलंयस."

आईने चित्रातलं नाक पाहिलं, मग मावशीचं.

"एवढं मोठं नाही माझं नाक. लोक ओळखतील. जरा लहान कर."

"नाही करणार, ताई."

"एवढंच तर म्हणते आहे."

"सोमवारी छापायला जातंय," आई म्हणाली. तिने हात पुढे केला आणि नमुना मागितला. मावशीने लगेच दिला नाही. आईचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी मावशीने पुस्तक मिटून त्या हातावर ठेवलं आणि चहा आहे का म्हणून विचारलं.

आईने मला चहा ठेवायला सांगितलं. स्वतः उठली नाही.